कंडांग काही थांबेना

डार्विन,
ऑक्टोबर २०२१ (घामाचे दिवस)

तीर्थरूप अण्णांस,

उल्हासचा शिरसाष्टांग नमस्कार. हे नुसतं लिहिण्यापुरतं नाही. मध्यंतरी इथल्या एका हॉलमध्ये मी सगळ्यांदेखत एका ढोलापुढे खरोखरच पालथा पडलो आणि त्यातूनच पुढचं सगळं रामायण घडलं, तेव्हा त्यातला थोडा नमस्कार तुमच्याकडे वळता करून घ्यावा. तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसायला लागलं हे कळून फार बरं वाटलं. उजव्या डोळ्याची तारीख तरी आता पुढे जाऊ नये. (डाव्याची तीनदा गेली. दोनदा करोनामुळे आणि एकदा तुम्ही डॉक्टरांशी त्यांच्या दवाखान्यातल्या पंख्याच्या लयीवरून भांडलात म्हणून.) गुडघे काय म्हणतात? सांगलीतला पाऊस सरला का? मी खुशाल आहे. म्हणजे वरणभात खातो, गॅसच्या प्लांटवर शिफ्टला जातो आणि घरी येऊन मंजिरीने फ्रीजवर लावून ठेवलेली 'तीन आठवड्यांत करायची कामं' ही चिठ्ठी बघत उभा राहतो.

हे पत्र तुम्हाला मंजिरीच वाचून दाखवत असणार. एक सांगून ठेवतो, ती गाळते. तिचा आवाज मध्येच सपाट झाला की समजावं, काहीतरी गाळलं. (मंजिरी, हे वाच.) फेब्रुवारी २०२० मध्ये ती तुमच्या डोळ्यासाठी म्हणून तीन आठवड्यांकरता आली आणि करोनाने मागे ऑस्ट्रेलियाचं दार लागलं. आता दार किलकिलं झालंय, पण फोनवर विचारलं की म्हणते, "येते रे, अण्णांचा दुसरा डोळा होऊ दे." त्याच वेळी मागून तुम्ही ओरडता की माझी काळजी करू नका, मी एकटा निवांत मरेन. असं म्हटल्यावर कुठली मुलगी बॅग भरेल? बरं, तुम्हीच इकडे चला म्हटलं तर तुम्ही म्हणता, त्या मगरींच्या गावात येऊन मी करू काय? हा तुमचा प्रश्न मी मनात ठेवलाय. पण आज तो विषय नाही. आज विषय ढोलाचा.

आमच्या इथे रविवारी भाजीबाजार भरतो. तिथे बू लास्त्री नावाच्या, इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या एक बाई शेवग्याच्या शेंगा आणि कारली विकतात. ('बू' म्हणजे बाई आणि 'पाक' म्हणजे राव, एवढं कळलं की पुढचं पत्र सोपं जाईल.) एका रविवारी त्यांचा वजनाचा काटा टेबलावरच राहिला, म्हणून मी तो गाडीत घालून त्यांच्या मागोमाग गेलो. त्या गेल्या होत्या एका हॉलमध्ये, जिथे त्यांच्या गामेलानची तालीम चालते. गामेलान म्हणजे पितळेच्या पट्ट्या, पितळेची भांडी, आणि मागे टांगलेल्या कढईएवढ्या घंटा, म्हणजे गोंग. पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं लग्नाची भांडी घासून मांडून ठेवलीत. मधोमध एक आडवा ढोल, एक तोंड मोठं, एक लहान, फणसाच्या लाकडाचा, चामड्याच्या वाद्यांनी आवळलेला, लाकडी घोडीवर पाळण्यासारखा ठेवलेला. त्याला तबल्यासारखी शाई नाही. (अण्णा, शांत व्हा. शाई नसूनही तो बोलतो.) त्याचं नाव कंडांग. त्याच्यापुढे ताजी फुलं आणि बैठक रिकामी.

मी काटा हातात घेऊन, चपला काढून आत शिरलो आणि कुठल्याशा वायरीत अडकून पाय थेट कंडांगला लागला. आता वाद्याला पाय लागल्यावर तुमच्या हाताखाली तबला शिकलेल्या माणसाने काय करायचं? काटा टाकला, दोन्ही हात ढोलाला लावले, डोळ्यांना लावले, आणि तोल आधीच गेलेला असल्यामुळे त्याच नमस्कारात पुढे पालथा पडलो. उठलो तो त्या बैठकीवरच. त्यांच्यातही वाद्य ओलांडत नाहीत, पाय लागू देत नाहीत, हे मला नंतर कळलं. ती बैठक बू लास्त्रींच्या नवऱ्याची, पाक वार्नोंची. ते कंडांग वाजवायचे. फेब्रुवारी २०२० मध्येच ते आईच्या वर्षश्राद्धासारख्या काही कार्याला जावात गेले आणि तिकडेच अडकले. तेव्हापासून तिथे कोणी बसलं नव्हतं. आणि आता एक घामाघूम मनुष्य लोटांगण घालून तिथे बसला होता. बू लास्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "सो, यू आर द ड्रमर." मी म्हटलं, तबला, थोडा थोडा. आपल्याकडे 'थोडा थोडा' म्हणजे विनय. त्यांच्याकडे तो होकार निघाला.

त्यांचा नवरा आणि माझी बायको एकाच महिन्यात गेलेली. मला नाही म्हणवेना, हे खरं कारण आहे. शेंगांच्या जुडीवर दोन जास्तीच्या मिळायला लागल्या हे नंतरचं.

आता कंडांगविषयी दोन शब्द, कारण तुम्ही विचारणारच. आपला तबलजी साथीला बसतो. गवई पुढे, तो बाजूला, आणि गवयाने मान हलवली की धन्य झाला. इथे उलटं आहे. कंडांगवाला सबंध ताफ्याचा मालक. तो तोंडाने काही बोलत नाही, हातवारे करत नाही. त्याने लय चढवली की सगळे चढतात, उतरवली की उतरतात. पुढच्या भागात कधी जायचं, परत कधी यायचं, कधी थांबायचं, सगळ्या खुणा त्याच्या थापेत. पंधरावीस माणसं माना खाली घालून पितळ बडवत असतात आणि सगळ्यांचे कान त्याच्या हाताला बांधलेले. मी हे ऐकलं आणि छाती फुगली. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, माझ्या हाताकडे एवढ्या लोकांनी लक्ष कधी दिलं नव्हतं. (मंजिरी, हे गाळलंस तरी चालेल.)

बू लास्त्रींनी सुरुवात शिकवली, मधला ठेका शिकवला. शेवट शिकवायला लागल्या तेव्हा मी, तुमचा शिष्य, हात वर करून म्हणालो, नो वरीज, शेवट मला येतो. शेवट सगळीकडे सारखाच. तिहाई घ्यायची, तोच तुकडा तीनदा वाजवून दाणकन समेवर यायचं, टाळ्या घ्यायच्या. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की तिहाई आली, आता आवरा. त्यांनी होकार दिला. नवऱ्याच्या बैठकीवर बसलेल्या माणसाला कसं नाही म्हणायचं, असं झालं असावं.

कार्यक्रम होता पाक वार्नोंच्या वाढदिवसाचा. जावात वाढदिवस दर पस्तीस दिवसांनी येतो. त्यांचा सात दिवसांचा आठवडा वेगळा आणि पाच दिवसांचा वेगळा, आणि दोन्हींतले जन्मवार जुळले की वाढदिवस. त्यामुळे बिचाऱ्या बाईचे नवऱ्याचे किती वाढदिवस हुकले असतील याचा विचार करा, आपल्याला एकेक हुकला तरी इतकं लागतं. तर या वेळी ठरलं की ते जावातल्या सोलो शहरातून व्हिडिओवर बसतील, हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर दिसतील, आणि आम्ही त्यांचीच आवडती रचना वाजवून दाखवू. रचना पूर्ण झाली की शेवटचा गोंग पडेल आणि बू लास्त्रींचं म्हणणं असं, की तो गोंग ऐकला की त्यांचा पाय तिकडून निघेल.

रविवार उजाडला. दारात क्यूआर कोड, जमिनीवर दीड दीड मीटरवर चिकटपट्टीच्या फुल्या, आणि बू लास्त्रींच्या हुकमाने सगळ्यांच्या तोंडावर मास्क. मोठ्या गोंगपाशी ग्रेग. हा ग्रेग बंदरावरून निवृत्त झालेला, खांदा दुखरा, म्हणून त्याला कमी कामाचं वाद्य दिलेलं. आवर्तन संपलं की एकदा घाव घालायचा आणि मध्ये डुलकी. टीव्हीवर पाक वार्नो उजळले, डोक्याला पारंपरिक पागोटं, मागे भिंतीवर पाल. मी कंडांगला नमस्कार केला (या वेळी बसून) आणि सुरू केलं. अण्णा, सांगतो, पहिली पाच-सात आवर्तनं अशी गेली की तुम्ही असता तर पान लावून दिलं असतंत. पितळ घुमतंय, हॉलचे पंखे फिरतायत, पाक वार्नो डोळे मिटून डुलतायत. मला वाटलं, आता संपवू या, आणि मी तिहाई घेतली. स्वच्छ, गोळीबंद, समेवर. गोंग पडला. मी हात उचलून टाळ्यांसाठी थांबलो.

कोणीही थांबलं नाही. त्यांना तिहाई म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. त्यांनी ती वाद्यावर आलेली एक उचकी समजून सोडून दिली आणि पुढे वाजवत राहिले. ढोल नाही म्हणून ताफा डळमळायला लागला, मला घाईने परत ठेक्यावर यावं लागलं. म्हटलं, तिहाई लहान पडली. मोठी घेतली. मग तिहाईचीही तिहाई, म्हणजे चक्रदार घेतली, जिच्यावर तुम्ही सहा महिने घासून घेतलं होतंत. आपली सवय तुम्हाला ठाऊक आहे, शेवट जवळ आला की आपण लय चढवतो. मी चढवली, ते चढले. मी दुगुन केली, ते धावायला लागले. पितळी पट्ट्यांवरच्या बायकांचे हात दिसेनासे झाले. आवर्तन इतकं आखूड झालं की ग्रेगला डुलकी सोडाच, श्वास मिळेना. त्याचा गोंग कुकरच्या शिट्ट्यांसारखा पडायला लागला आणि तो मास्कच्या आतून "मेट... मेट..." (बाबा रे, बाबा रे) करत होता, ते मला दाद वाटली.

मी मदतीसाठी टीव्हीकडे बघितलं. पाक वार्नो उभे राहिले होते. दोन्ही हात खाली दाबत होते, वर करत होते, पागोटं काढून हलवत होते, मागे शेजारीपाजारी गोळा झाले होते. त्यांचा आवाज येत नव्हता, कारण ते म्यूटवर होते आणि हे त्यांना सांगायला आमच्यापैकी कोणाचा हात मोकळा नव्हता. पितळी पट्ट्या वाजवणाऱ्या बू लास्त्रींना वाटलं, नवरा आनंदाने नाचतोय. मास्कवरून त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्यांनी आणखी जोर लावला. आता सांगा, अशा बाईसमोर मी 'थांबा' म्हणून ओरडणार होतो? ओरडून पाहिलं एकदा, मराठीत. त्यांना ती मला आलेली लहर वाटली.

चार वाजता हॉल दुसऱ्यांचा. मलेशियाहून आलेल्या नर्सबायकांचा कोंपांगचा गट, कोणाच्या तरी लग्नासाठी सराव करणारा. कोंपांग म्हणजे आपल्या डफासारखा, एका हातात धरून दुसऱ्याने वाजवायचा, आणि त्यात गंमत अशी की पूर्ण ताल कुणीच वाजवत नाही. एकीचे ठोके पडतात तिथे दुसरी गप्प, दुसरीच्या रिकाम्या जागेत तिसरी, आणि सगळ्या मिळून एक ताल. त्या दारात उभ्या राहिल्या, घड्याळं दाखवली, खोकल्या (दारात खोकल्यावर आजकाल माणसं पळतात, पण आमचं कुणी जागचं हलू शकत नव्हतं). शेवटी कंटाळून त्यांनी भिंतीशी दीड दीड मीटर अंतरावर बैठक मारली आणि त्यांचे डफ आमच्यात घुसवले. अण्णा, त्या गोंधळातही मला एक क्षण असा मिळाला, की माझी थाप चुकून रिकामी गेली आणि तिथे बरोबर पलीकडच्या एका अनोळखी बाईचा ठोका पडला. मला एकदम रडू आलं. घरी माझ्या बोलण्यातल्या रिकाम्या जागी असंच कोणाचं तरी बोलणं पडत असे. (मंजिरी, हे मोठ्यानं वाच.)

आणि मग वीज गेली. ढोल विजेवर चालत नाही हे मान्य, पण टीव्ही चालतो. पाक वार्नो नाचता नाचता विझले. बू लास्त्रींनी हातातला हातोडा खाली ठेवला, आणि त्या थांबल्या तसे सगळे थांबले. आवर्तनाच्या मधोमध. गोंग न पडता.

मला वाटलं, सुटलो. पण बू लास्त्री गंभीरपणे म्हणाल्या की शेवटचा गोंग पडला नाही म्हणजे रचना संपली नाही. ती चालूच आहे, फक्त आवाज बंद आहे. ग्रेग, जो आयुष्यात चर्चमध्येही गेला नसेल, तोही मान डोलावून म्हणाला, "फेअर इनफ." तेव्हापासून, अण्णा, ही रचना डार्विनमध्ये चालू आहे. दर रविवारी आम्ही जिथे सुटली तिथून उचलतो, मी संपवायला जातो, संपत नाही, पंखे बंद करून घरी जातो. आणि तिचा असर सगळीकडे पसरलाय. ग्रेगच्या घराची फरशी अर्धी बसून राहिलीय, कारागीर येतच नाही. नर्सबायकांचं ते लग्न दोनदा पुढे गेलं. आमच्या प्लांटवरची सोमवारची मीटिंग संपतच नाही, लोक शिफ्ट बदलून तिच्यात येतात-जातात. माझं वॉशिंग मशीन परवा कपडे धुऊन, पिळून, पुन्हा पाणी भरायला लागलं. बाजारात बू लास्त्री मला "गुड मॉर्निंग" म्हणत नाहीत, पुढचा स्वर गुणगुणतात. पाक वार्नोंचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उल्हास, यू रन टु द गोंग. गोंग इज नॉट अ बस." इथे बसही फारशा नाहीत, तरी मला लागायचं ते लागलं.

असो. तुम्हाला या वयात हे वाचून त्रास झाला असेल, त्याबद्दल क्षमा असावी. कोणी चुकीच्या लयीत वाजवत असलं की तुम्हाला घास उतरत नाही हे मला ठाऊक आहे. आमच्या लग्नात तुम्ही वरात रस्त्यात थांबवून बँडवाल्या ढोल्याचा हात धरून त्याला ठेका शिकवला होतात आणि मुहूर्त गाठता गाठता सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. मी घोड्यावर होतो, मला सगळं दिसत होतं. तब्येतीला जपा. डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमचा, लयीत न राहिलेला,
उल्हास

ता. क. मंजिरीबरोबर गोडा मसाला पाठवावा. कुरिअरने नको. मंजिरीबरोबर, असं मी लिहिलंय, ते तिने नीट वाचावं.

ता. क. दुसरा. अण्णा, खरं सांगायचं तर पत्र याचसाठी. पुढच्या महिन्यापासून इथे राहणाऱ्यांच्या आईवडिलांनाही येऊ देणार आहेत. उजवा डोळा उरका आणि दोघं या. विलगीकरणात काही दिवस काढावे लागतील, पण खोल्यांना ओसरी आहे आणि शेजाऱ्याचं घोरणं कुठल्या तालात आहे हे तुम्ही तिथून ओळखू शकाल. 'येऊन करू काय' असं तुम्ही विचारलं होतंत. हे करा. इथे डफवाल्या धरून पंचवीस-तीस माणसं एका शेवटासाठी अडून बसली आहेत, तुमचा शिष्य दर रविवारी त्यांच्यापुढे तुमची चक्रदार वाजवून तुमचं नाव घालवतोय, आणि कंडांगच्या शेजारी एक लहान ढोल रिकामा पडलाय. तुम्ही नाही आलात तर मी आणखी मोठी चक्रदार घेईन.

ता. क. तिसरा. मंजिरी, हे मनात वाच. पाक वार्नोंनी मला शेवट फोनवर शिकवलाय. सोपा आहे. धावायचं नाही, हात आखडत आणायचा, लय उतरवायची, म्हणजे सगळ्यांना आपोआप कळतं की घर जवळ आलं. गोंग पडतो, आणि त्यानंतरही सगळे श्वासभर थांबतात आणि मग शेवटचा स्वर एकत्र मारतात. मी ओट्यावर वाजवून पाहिला, पहिल्या फटक्यात जमला. बू लास्त्रींना जाऊन सांगितलं तर त्या कारली मोजता मोजता म्हणाल्या, "वेट. माय हजबंड कम डिसेंबर. युअर वाइफ?" मी पिशवी पुढे केली. त्या म्हणाल्या, "देन वेट." म्हणून मी दर रविवारी मुद्दाम चुकतो. अण्णांच्या हाताखाली शिकून मुद्दाम चुकणं किती अवघड असतं, ते तुला सांगायला नको. ग्रेगचा खांदा फार दिवस टिकणार नाही, तेव्हा लवकर ये. आता अण्णा विचारतील, वाचता वाचता गप्प का झालीस. सांग, अजून संपलेलं नाही.